वाऱ्याला हरकत नाही

उन्हाळा सर्वांना सारखाच असतो, ही समजूत एखाद्या थंड हवेच्या ठिकाणी जन्माला आली असावी. औरंगाबादेत ती फार दिवस जगली नसती. आमच्याकडे उन्हाळा माणसाच्या डोक्यावरच्या छपराप्रमाणे बदलतो. स्लॅबखाली तो त्रासदायक असतो, कौलाखाली सोसण्याजोगा असतो आणि पत्र्याखाली तो भाडेकरूंसाठी असतो.

सन १९८७ च्या मे महिन्यात या तत्त्वाचा अनुभव आमच्या 'नवप्रभात गृहनिर्माण संस्थे'ला आला. संस्था चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीपासून हाकेच्या अंतरावर आहे. (हाक म्हणजे इथे कारखान्याचा भोंगा धरावा.) बेचाळीस घरं, एक बोअर, एक सभागृह आणि एक चिटणीस एवढी संस्थेची मालमत्ता. चिटणीस मी. अध्यक्ष आप्पासाहेब. सभागृह पत्र्याचं होतं, कारण त्यावर स्लॅब टाकण्याचा ठराव मंजूर झाला होता, आणि आमच्याकडे ठराव मंजूर झाला की काम झाल्यासारखंच वाटतं.

त्या महिन्यात सभागृहाचं तापमान मोजावं असं ठरलं. संस्थेकडे ताप मोजायचा थर्मामीटर होता. तो टेबलावर ठेवला तेव्हा पारा एकशे आठवर जाऊन थांबला, कारण पुढे काचच नव्हती. इतिवृत्तात एकशे आठ अशी नोंद झाली. आकडा शुभ असल्याने कोणी हरकत घेतली नाही.

विजेचं म्हणाल तर ती होती. तारेत होती, पण तिला दाब नव्हता. शहरात कारखाने वाढत होते, त्याचा आम्हा सर्वांना अभिमान होता, आणि कारखाने वीज पिऊन उरलेला चोथा संध्याकाळपर्यंत आमच्याकडे येत असे. बल्ब पिकल्या टोमॅटोसारखे दिसायचे. पंखे इतके सावकाश फिरत की पाती मोजता येत. आप्पासाहेबांच्या घरामागच्या पत्र्याच्या खोलीत बानाबाई नावाची बाळंतीण रोज दुपारी ती मोजायची. तीन भरत.

या खोलीत तिचा नवरा कडुबा भाड्यानं राहत असे. एका कारखान्यात फिटर, मूळचा खुलताबादकडचा, वय अठ्ठावीस, बोलणं बेताचं. खोली देताना आप्पासाहेबांनी त्याला आडनाव विचारलं होतं. तो म्हणाला, "गायकवाड."

"गायकवाड का? वा, वा! आमच्या मेव्हण्याचे व्याही गायकवाडच," आप्पासाहेब म्हणाले आणि किल्ली दिली. गायकवाड हे आडनाव फार सोयीचं आहे. ऐकणारा त्यात आपल्या पसंतीचा माणूस बसवून घेतो. आप्पासाहेबांनी बसवला. कडुबा त्यांच्यासमोर उभाच होता, पण त्याला पुढचं काही विचारण्याची गरज पडली नाही.

बानाबाईची मुलगी महिन्याची झाली तेव्हा तिच्या अंगावर घामोळ्यांशिवाय जागा शिल्लक नव्हती. ती सकाळी दहाला रडायला सुरुवात करी आणि पाचच्या भोंग्यापर्यंत रडे. कारखान्यात इतक्या नियमितपणे कोणी काम करत नव्हतं. बानाबाई ओल्या फडक्यानं तिला पुसायची, फडकं वाळायचं, ती परत भिजवायची. एके दिवशी कडुबा रजा घेऊन हे दिवसभर बघत बसला आणि दुसऱ्या दिवशी शहागंजला गेला.

शहागंजच्या एका बोळात चांदपाशाचं मोटरी बांधायचं दुकान होतं. जळलेल्या मोटरीची तांब्याची तार सोडून नवी गुंडाळायची, हा त्याचा धंदा. कडुबाच्या कारखान्यातल्या मोटरी त्याच्याकडेच येत, त्यामुळे ओळख जुनी.

"चांदभाई, जुन्या टेबलफॅनची मोटर बांधून द्या," कडुबा म्हणाला. "पर दोनशे तीस व्होल्टची नको. आमच्याकडं जेवढी वीज येती, तेवढ्यावर पळाया पायजे."

"कितनी आती?"

"शंभर. लई झालं तर सव्वाशे."

चांदपाशानं चष्मा कपाळावर सरकवला. "मतलब, बिलावर लिहेली नक्को, तारेत आयेली पायजे. हौ मियाँ! ये शहर की पयली मशीन रहेंगी जो सच पे चलेंगी."

यंत्राची रचना संस्थेच्या दप्तरी आहे, ती थोडक्यात देतो. तेलाचा रिकामा पत्र्याचा पिंप आडवा ठेवायचा. मागचं तोंड कापून त्यावर वाळ्याची ताटी बसवायची. वर एक माठ. माठाला बारीक भोक, भोकात सुती चिंधीची वात, त्यातून पाणी थेंबथेंब वाळ्यावर. पुढच्या बाजूला पंखा. पाणी आपल्या वजनानं खाली येतं, त्याला वीज लागत नाही. (पाण्याच्या या गुणाकडे आजवर कोणत्याही समितीचं लक्ष गेलं नव्हतं.) एकूण खर्च होणारी वीज एका बल्बाइतकी, तोही टोमॅटो अवस्थेतला. कधीमधी दाब भरपूर आलाच तर मोटर जळू नये म्हणून कडुबानं वाटेत शंभर वॅटचा एक बल्ब आणि एक खटका जोडला होता. खटका वर केला की जास्तीची वीज बल्ब खाऊन टाकी. खाली केला की सगळी मोटरीला. एवढंच.

यंत्र पहिल्यांदा सुरू झालं त्या दुपारी सगळ्या आळीत भज्यांचा वास सुटला. पिंप शेंगदाणा तेलाचा होता. बारा घरांतून लोक बाहेर आले, वासाच्या मागानं आप्पासाहेबांच्या परसात पोहोचले आणि खोलीच्या दारात थबकले. दारातून गार वारा येत होता आणि आत कोणीही रडत नव्हतं.

मुलगी पाच तास झोपली. बानाबाईला याची सवय नसल्यामुळे तिनं दोनदा नाकाशी बोट धरून पाहिलं, आणि तिसऱ्यांदा पोरीला उठवलंच. पोरगी आईकडे रागानं बघून परत झोपली. मग बानाबाई भिंतीला टेकली आणि तिचाही डोळा लागला. कडुबा पिंपापाशी उकिडवा बसून माठात तांब्या-तांब्यानं पाणी घालत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला कार्यालयीन भाषेत शब्द नाही.

पुढच्या आठवड्यात संस्थेच्या एकतीस सभासदांनी 'बाळ बघायला' म्हणून त्या खोलीला भेट दिली. प्रत्येक भेटीचा सरासरी अवधी दोन तास दहा मिनिटं. बाळ मुलगा की मुलगी, हे नंतर चौघांना सांगता आलं; भिंतीवर काय होतं, हे कोणालाच नाही. खजिनदार जेवणाचा डबाच घेऊन येत. दोन वकिलांमधला बांधाचा जुना वाद तिथेच मिटला, कारण भांडायला कोणी बाहेर जायला तयार नव्हतं. आप्पासाहेबांनी तर घरमालक या नात्यानं खोलीच्या पाहणीचा कार्यक्रम रोज दुपारी एक ते चार असा ठेवला आणि पाहणी आडवं पडून, डोळे मिटून केली.

साहजिकच कार्यकारिणीनं एकमतानं ठरवलं की सभागृहासाठी असंच, पण मोठं यंत्र व्हावं. कडुबा लगेच हो म्हणाला. पाळी संपली की तो यायचा, चांदपाशा रविवारी यायचा. दोन पिंप जोडले, तीन माठ चढवले, चांदपाशानं भंगारातून एक दांडगी मोटर शोधून तिला शंभर व्होल्टची शिस्त लावली आणि कडुबानं भिंतीवर तसाच बल्ब आणि खटका बसवला. अकराव्या दिवशी सभागृहात वारा सुटला आणि भिंतीवरच्या सर्व महापुरुषांच्या तसबिरी आनंदानं हलू लागल्या.

आप्पासाहेब भारावून गेले. त्यांनी स्वतःच पेंटरला बोलावून यंत्रावरच्या भिंतीवर निळ्या अक्षरांत लिहून घेतलं: 'या शीतयंत्राचे निर्माते – श्री. कडुबा गायकवाड.' कडुबानंही पेंटरचा ब्रश मागून घेतला आणि खटक्याशेजारी बारीक अक्षरात लिहिलं: 'दिवा मंद असंल तर खटका खाली. दिवा लख्ख असंल तर खटका वर. क. गा.' मग तो घरी जाऊन बानाबाईला आणि पोरीला घेऊन आला. बानाबाईला वाचता येत नव्हतं. त्यानं एकेका अक्षरावर बोट ठेवून तिला वाचून दाखवलं. रंग ओला होता. बोट निळं झालं, ते त्यानं दुसऱ्या दिवशी कामावर जाईपर्यंत धुतलं नाही.

त्याच आठवड्यात आप्पासाहेबांच्या पत्नी द्वारकाबाई बाळासाठी अंगडं-टोपडं घेऊन मागच्या खोलीत गेल्या. संस्थेतल्या भेटींपैकी बाळ खरोखर बघितलेली ही पाचवी. चहा झाला, बाळाची दृष्ट काढून झाली. जेवताना त्या आप्पासाहेबांना म्हणाल्या, "बानाबाईची खोली बघून घ्या एकदा. टिकली एवढी जागा, पण कशी लख्ख! बुद्धाचा फोटो, बाबासाहेबांचा फोटो, दोन्ही रोज पुसते. नाहीतर आपले देव. जाळी धरलीय."

आप्पासाहेबांचा घास हातातच राहिला. मेव्हण्याचे व्याही त्या आडनावातून उठून चालते झाले होते.

इथे थोडी पार्श्वभूमी सांगणं भाग आहे. विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात होऊन नववं वर्ष सरत आलं होतं. ठराव होता, नाव नव्हतं. त्यापायी गावोगाव घरं जळाली होती, माणसं मेली होती, मोर्चे अजून निघत होते. मोर्चा आमच्या रस्त्यानं गेला की आम्ही खिडक्या लावून घेत असू. या विषयावर संस्थेनं कोणतीही भूमिका घेतली नव्हती. भूमिका न घेण्याचा ठराव मात्र टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला होता.

दुसऱ्या दिवशी कार्यकारिणीची तातडीची सभा सभागृहात, यंत्राच्या वाऱ्यात भरली. सर्वांची मनं अत्यंत मोठी होती. जातपात कोणीच मानत नव्हतं, हे प्रत्येकानं दोनदा सांगितलं. इतिवृत्त मीच लिहिलं, म्हणून शब्दशः देतो:

'वाऱ्याला कोणाचीही हरकत नाही. कडुबा यांच्याविषयी सर्वांना प्रेम आहे. प्रश्न फक्त भिंतीवरील नावाचा असून तो भावनेचा आहे. नावामुळे वारा कमीजास्त होत नसल्याने नाव नसलं तरी चालेल; मात्र दुसरं नाव दिल्यास हरकत नसावी.'

दुसऱ्या नावासाठी सतरा सूचना आल्या. त्यांत पाच देव, तीन नद्या, खजिनदारांचे वडील आणि एक साबण होता. शेवटी 'श्रीशीतल' ठरलं. पेंटरला लेखी आदेश गेला की यंत्राजवळील भिंतीवर असलेला समस्त मजकूर चुन्यानं पुसावा. पेंटर आज्ञाधारक होता. त्यानं समस्त पुसला.

याच सभेत आप्पासाहेबांनी मागच्या खोलीची डागडुजी करायची असल्याचं जाहीर केलं. ती रिकामी लागणार होती. पत्र माझ्या हस्ते द्यायचं ठरलं, कारण माझं अक्षर चांगलं आहे.

दुपारी दोन वाजता मी गेलो. कडुबानं पत्र वाचलं, घडी केली, खिशात ठेवलं.

"चिटनीस, भिंतीवर माझं नाव लिव्हलं व्हतं, त्यात काही चूक व्हती का? काना-मात्रा?"

"नाही. शुद्ध होतं."

"मग?"

"धोरणात्मक बाब आहे," मी म्हणालो.

बानाबाई पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "अवं, त्यान्ला कशाला इचारता? त्यान्ला कुठं म्हाईत हाय? त्यान्ला लिव्हाया सांगितलं, त्यांनी लिव्हलं." एवढं नेमकं कार्यवर्णन माझ्या सेवापुस्तकातही नाही.

मी उठलो. बाहेर ऊन पांढरं झालं होतं. कडुबा म्हणाला, "बसा जरा वाऱ्यात. ऊन लई हाय."

मी बसलो. वीस मिनिटं बसलो. वारा चांगला होता. नोंद असावी म्हणून हे सांगतो. याहून जास्त काही सांगता येणार नाही.

आठवड्याभरात कडुबानं बिऱ्हाड हलवलं. चांदपाशाच्या दुकानावर एक माळवदाची, मातीच्या छताची गार खोली होती. चांदपाशा म्हणाला, "सीधा ऊपर चढो. आडनाव-बिडनाव मेरे कू याद रहता नै." छोटा पिंप तिकडे गेला. मोठं यंत्र आमच्याकडे राहिलं, कारण ते संस्थेचं होतं.

'श्रीशीतल'च्या नामकरण सोहळ्याला रविवार निवडला. प्रमुख पाहुणे नानासाहेब, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, डोक्याला जरीचा फेटा, हातात बावीस पानी भाषण. दीडशे माणसं जमली. कडुबा आणि चांदपाशा त्याच वेळी हातगाडी घेऊन खोलीतली उरलेली बाज न्यायला आणि किल्ली परत करायला आले होते. ते बाहेर लिंबाखाली थांबले.

रविवारी कारखान्यांना सुट्टी असते. कारखाने थांबले की त्यांची वीज कुठे जाते, याचा विचार आम्ही केला नव्हता. ती आमच्याकडे येते. सभागृहातले दिवे त्या दिवशी लग्नघरासारखे लखलखत होते. सर्वांना तो शुभशकुन वाटला.

मी खटक्यापाशी गेलो. शेजारी पांढरीशुभ्र भिंत होती. आजवर खटका कडुबाच हलवत असे. वर की खाली? खाली करणं विनयाचं वाटलं. खाली केला.

क्षणभर काही झालं नाही. मग यंत्रानं घसा खाकरला. मग विमानाचा आवाज आला. (चिकलठाण्याला विमानतळ असल्याने काहींनी वर पाहिलं.) पहिल्या पाच सेकंदांत भाषणाची बावीस पानं उडाली आणि दीडशे लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. दहाव्या सेकंदाला वाळा सुटला. ओला, सुगंधी, मूठमूठभर वाळा पुढच्या तीन रांगांवर बरसू लागला. नानासाहेबांच्या फेट्याचं टोक सुटलं आणि फेटा मोठ्या शांतपणे, जणू त्याला घाई नव्हती, सभागृहभर उलगडत गेला; त्यात खजिनदार, एक समई आणि आभार मानणारे गृहस्थ गुंडाळले गेले. तिन्ही माठ टाळ्या वाजवल्यासारखे एकमेकांवर आपटून फुटले. मग जोडपिंप जागेवरून हलला आणि थुईथुई नाचत व्यासपीठाकडे निघाला. आप्पासाहेब खुर्चीवर चढले. खुर्ची दुमडती होती.

"बंद करा! कोणीतरी बोलवा त्या... त्या..." ते दुमडलेल्या खुर्चीतून ओरडले.

"कोणाला?" मी विचारलं. ठरावानुसार नाव पुसलेलं होतं.

"अहो, ते... निर्माते! संबंधित इसम!"

बायकांच्या बाजूनं द्वारकाबाई उठल्या. पदर खोचला, तोंडावरचा वाळा काढला आणि पत्रे हादरतील अशा आवाजात हाक मारली, "ओ कडुबा गायकवाड! धावा!"

एवढंच हवं होतं. सगळं सभागृह ओरडू लागलं. "कडुबा! ओ गायकवाड!" वकील ओरडले, फेट्याच्या आतून खजिनदार ओरडले, दुमडलेल्या खुर्चीतून आप्पासाहेब ओरडले, आडनावासकट. मीही ओरडलो. बायका हसून हसून एकमेकींवर पडत होत्या आणि ओरडत होत्या.

कडुबा आला. चिखलातून चालत भिंतीपाशी गेला, चुन्यावरून एकदा हात फिरवला आणि खटका वर केला. भिंतीवरचा बल्ब लख्ख पेटला. पिंप थांबला, डुलला, आणि गार, मंद, शहाणा वारा वाहू लागला. बाहेरून चांदपाशाचा आवाज आला, "तार अच्छी बांधेली थी मैं! जली नै!"

नानासाहेब उघड्या डोक्यानं, भिजून, वाऱ्यात उभे होते. पन्नास वर्षांत त्यांना इतकं गार वाटलं नसावं. ते फार प्रसन्न होऊन म्हणाले, "शाबास! नाव काय तुमचं?"

"कडुबा गायकवाड."

"गायकवाड म्हणजे... कुठले?"

"कूलरवाले," कडुबा म्हणाला. आप्पासाहेबांच्या मांडीवर किल्ली ठेवली आणि बाज उचलायला गेला.

इतिवृत्तात सोहळा 'खेळीमेळीच्या वातावरणात' पार पडल्याची नोंद आहे.

दुसऱ्या दिवसापासून शहागंजच्या त्या बोळात आमच्या सभासदांची रीघ लागली. प्रत्येकाजवळ एक रिकामा पिंप होता आणि प्रत्येकजण दुसऱ्या कामासाठी सहज आला होता. कडुबा पाळी संपवून पिंप कापायचा, चांदपाशा मोटरी बांधायचा. वाळ्याच्या ताट्या बानाबाई विणायची, पोरगी शेजारी गारव्यात हातपाय उडवत पडलेली. घामोळ्या गेल्या होत्या. बानाबाईनं एकच अट घातली होती: पत्र्याची पाटी प्रत्येक कूलरला बसणार, 'कडुबा गायकवाड, औरंगाबाद', आणि ती स्क्रूनं नाही, झाळून. "काडता येनार नाय अशी," ती म्हणाली. मधल्या काळात ती तेवढी अक्षरं वाचायला शिकली होती आणि एकेक पाटी तपासून सोडत होती.

जून सरेपर्यंत आमच्या बेचाळीस घरांत छत्तीस कूलर झाले. मी स्वतः फिरून पाहणी केली. पैकी पस्तीस कूलर पाटीची बाजू भिंतीकडे करून ठेवलेले आहेत. त्यामुळे वारा तिरका येतो आणि लोक तिरके बसतात. छत्तिसावा द्वारकाबाईंचा, तो दर्शनी खिडकीत, पाटी रस्त्याकडे. पस्तिसातला एक माझा आहे.

पुढे या बनावटीचे कूलर शहरभर गेले, पैठणला गेले, जालन्यापर्यंत गेले म्हणतात. आपल्याकडेही बहुधा असेल. आपण नक्कीच आमच्यासारखे नाही, हे वाचताना मध्येमध्ये हसलात त्यावरून कळतंच आहे. तेव्हा आपला कूलर भिंतीपासून जरा ओढून मागची बाजू पाहावी, अशी नम्र विनंती. आत्ताच पाहा असा आग्रह नाही. ऊन फार आहे, वारा मोडेल. उन्हाळा संपला की पाहा.